जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड: आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

कळव्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात २०१४ साली जोडून घेतलेला पीसी आहे: आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटबरोबर आलेला '४५० वॅट'चा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि मागे फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर. धाकटा भाऊ अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर रेंडर (सीनमधून अंतिम चित्रं तयार करणं) लावून ठेवतो आणि सकाळी ते अर्धवटच असतं. त्याला एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड हवं आहे. दुकानदार म्हणाला, 'आरामात बसेल, घेऊन या.' वडिलांचं म्हणणं, भंगारात पैसे घालू नका, थोडे आणखी टाकून लॅपटॉप घ्या. ताईंनी बोनसमधले पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. त्या विचारतात: 'एवढं महागाचं कार्ड या जुन्या डब्यात वाया जाईल का? नाही म्हणावं तर त्याला वाटेल, ताईला माझ्या शिक्षणाची किंमत नाही.' पत्रासोबत एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो आहे. त्यावर +१२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलंय.

ताई,

तो लेबलाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

दुकानदार खोटं बोललेला नाही. कार्ड बसतं तो पीसीआय एक्सप्रेसचा (पीसीआयई) स्लॉट गेली अनेक वर्षं आकाराने तोच आहे. २०२३ चं कार्ड २०१४ च्या बोर्डात बसतं आणि बहुतेक वेळा चालूही होतं. प्रश्न पुढचा आहे: त्या कार्डाला लागणारी वीज कुठून येणार?

लेबलावरचे '४५० वॅट' बाजूला ठेवा. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट अशा सगळ्या ओळींची बेरीज करून, कधी कधी वर थोडं चढवून, तो आकडा छापलेला असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीवरून घेतात. तुमच्याकडे तिथे १६ अँपिअर आहेत. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. आय५-४४६० चं रेटिंग ८४ वॅट आणि आरटीएक्स ४०६० चं ११५ वॅट. दोन्ही मिळून १९९ झाले. हार्ड डिस्क, पंखे आणि बोर्ड अजून धरलेलेच नाहीत. शिवाय हा एसएमपीएस इतकी वर्षं ठाण्याच्या दमट हवेत चाललेला आहे. आतले कपॅसिटर नवे होते तेव्हाचे १९२ वॅट आज तो देईलच असं नाही. चाळीतल्या जुन्या वायरिंगवर दीड टनाचा एसी लावण्यातला हा प्रकार आहे.

मग होतं काय? विंडोज सुरू होतं, डेस्कटॉप दिसतो, सगळे खूश होतात. रेंडर लावलं की पाच-दहा मिनिटांत पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. हे नशीब चांगलं असलं तर. स्वस्त एसएमपीएसमध्ये जादा भाराचं आणि जादा व्होल्टेजचं संरक्षण नावापुरतंच असतं. असा एसएमपीएस जळताना कधी कधी बोर्ड, डिस्क आणि नवं कार्डही बरोबर घेऊन जातो.

तुमच्या एसएमपीएसला कार्डासाठीची ८ पिनची वायर बहुधा नसेलच. तेव्हा दुकानात 'साटावरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीवरून) कन्व्हर्टर लावून देतो' असं म्हणतील. त्याला स्पष्ट नाही म्हणा. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे एकूण ५४ वॅट. कार्डाचं ८ पिनचं कनेक्टर १५० वॅटसाठी बनवलेलं आहे. असे कन्व्हर्टर वितळलेले, काळे पडलेले रिपेअरवाल्यांच्या टेबलावर नेहमी दिसतात. दुसरा एक धोका म्हणजे प्रोसेसरची ४+४ पिनची वायर कार्डाच्या ८ पिनमध्ये दाबून घालणं. दिसायला दोन्ही सारख्या असतात, पण आतली जुळणी उलटी आहे. कार्डाची वायर ६+२ अशी असते आणि तिच्यावर सहसा पीसीआयई असं छापलेलं असतं.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीबद्दल. 'जुन्या पीसीत महाग कार्ड वाया जातं' हे गेमच्या बाबतीत खरं आहे. नव्या गेममध्ये चार कोरचा हा प्रोसेसर धापा टाकेल आणि ४०६० बराच वेळ त्याची वाट बघत बसेल. पण तुमचा भाऊ रेंडरबद्दल बोलतोय आणि तिथे हिशेब वेगळा आहे. ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनात सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचं बहुतेक काम कार्ड एकटंच करतं. तुमच्या प्रोसेसरमधलं एचडी ४६०० ग्राफिक्स सायकल्सला वापरताच येत नाही, म्हणून आज सगळं ओझं चार कोरवर पडतंय. एच८१ बोर्डावर स्लॉट पीसीआयई २.० च्या वेगाने चालतो. ४०६० आठ लेनचं (डेटासाठी आठ पट्टे वापरणारं) कार्ड आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ४ जीबीचा रस्ता मिळतो. सीन चढायला थोडा वेळ जास्त लागेल, पण रेंडरच्या एकूण वेळेत त्याचा फरक किरकोळ. तेव्हा भाऊ चुकीचं मागत नाहीये.

फक्त त्याच्याही मागणीत एक गृहीतक आहे: कार्ड आलं की सगळंच वेगाने होईल. तसं होणार नाही. कपड्यांचं, धुराचं सिम्युलेशन, बरेचसे मॉडिफायर, फाइल उघडणं आणि साठवणं हे सगळं प्रोसेसर, रॅम आणि डिस्ककडेच राहतं. सीन कार्डावर जाण्याआधी रॅममध्ये तयार होतो. ८ जीबीत विंडोज, ब्लेंडर आणि ब्राउझरचे दहा टॅब उघडे असले की रॅम भरते आणि पीसी हार्ड डिस्कवर लिहायला लागतो. सकाळी अर्धवट दिसणारं रेंडर यामुळेही असू शकतं.

म्हणून काही विकत घेण्याआधी एक काम करा. पुढचे तीन-चार दिवस भावाला रेंडर चालू असताना टास्क मॅनेजर उघडा ठेवायला सांगा आणि मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचे आकडे वहीत लिहून घ्यायला सांगा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर टेकलेली असेल तर पहिला इलाज रॅम आणि एसएसडी. मेमरीला जागा आहे, डिस्क शांत आहे आणि प्रोसेसर सतत १०० टक्के आहे, असं दिसलं तर कार्डाचा खरा उपयोग आहे. काम मुख्यतः टूडी, फोटोशॉप किंवा ड्रॉइंगचं निघालं, तर कार्डाची घाई नको.

मला विचाराल तर खर्चाचा क्रम असा असावा.

पहिली एसएसडी, ५०० जीबीच्या आसपासची, २.५ इंची साटा. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. बोर्डावर छापलेलं वाचून एसएसडी त्यातल्याच एकावर लावा. विंडोज एसएसडीवर आणि जुनी हार्ड डिस्क साठवणीला. त्याच दिवशी रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी, डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, १.५ व्होल्टला चालणारी. या बोर्डाची कमाल १६ जीबीच आहे आणि दोन पट्ट्या झाल्या की रॅमचे दोन्ही चॅनल, म्हणजे डेटाचे रस्ते, चालू होतात. डीडीआर३ पुढच्या पीसीत चालणार नाही, म्हणून ती नवी न घेता सेकंडहँड घ्या. रॅमच्या बाबतीत सेकंडहँडला हरकत नाही. घरी आणल्यावर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून बघा, म्हणजे झालं.

त्यानंतर एसएमपीएस, आणि इथे कंजुषी नको. नावाजलेल्या कंपनीचा, ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, लेबलावर १२ व्होल्टसमोर ३५ अँपिअर किंवा जास्त, एक तरी ६+२ पिनची वायर आणि शक्यतो पाच वर्षांची वॉरंटी. ८० प्लस म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा दाखला. सुरक्षिततेचा दाखला तो नाही, म्हणून कंपनी आणि वॉरंटी बघायची. हा एसएमपीएस पुढच्या पीसीत जसाच्या तसा जाईल, एसएसडीही जाईल.

कार्ड सगळ्यात शेवटी. तुमच्यापुढे खरे दोन पर्याय आहेत.

एक, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल. २०२४ मध्ये आलं. ७० वॅटमध्ये चालतं. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, त्यामुळे वेगळी वायर लागत नाही. सायकल्समध्ये ऑप्टिक्स (रेंडर वेगाने करणारं एनव्हिडियाचं तंत्र) वापरता येतं. मात्र बिल करताना डोळे उघडे ठेवा: ३०५० नावाचंच ८ जीबीवालं दुसरं कार्ड आहे, ते १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते. खोक्यावरची नावं जवळजवळ सारखीच. ६ जीबीवालं तुमच्या आजच्या एसएमपीएसवर 'चालेल' असं कुणी सांगेल. ८४ अधिक ७०, वर डिस्क आणि पंखे, म्हणजे १७० च्या आसपास. कागदावर १९२ च्या आत येतं खरं, पण इतक्या जुन्या, बिननावाच्या डब्यावर रात्र रात्र एवढा भार टाकायचा मी सल्ला देणार नाही.

दोन, भावाला हवं तेच ४०६०. रेंडरला ते ३०५० पेक्षा बरंच वेगवान आहे आणि ८ जीबी मेमरीमुळे मोठे सीन बसतात. येत्या वर्ष-दोन वर्षांत नवा बोर्ड आणि प्रोसेसर घ्यायचं नक्की असेल तर हा खर्च वाया जात नाही, कार्ड तिकडे हलेल. तसं ठरलेलं नसेल तर ३०५० वर थांबा आणि उरलेले पैसे नव्या पीसीसाठी बाजूला ठेवा.

'नवा पीसी' पुन्हा पुन्हा म्हणतोय त्यामागे कारण आहे आणि तिथे तुमच्या वडिलांचं म्हणणं अगदीच चूक नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. ब्लेंडर लिनक्सवर उत्तम चालतं, भावाची तयारी असेल तर तो मार्ग मोकळा आहे. लॅपटॉपबद्दल माझं मत मात्र वेगळं आहे. रात्रभर रेंडर लावणाऱ्याला त्याच पैशात डेस्कटॉप जास्त वेग देतो, थंड राहतो आणि एकेक भाग बदलत पुढे नेता येतो.

स्वस्तातल्या काही सापळ्यांपासून लांब राहा, हे तुमच्यासारख्या प्रत्येकाला लागू आहे. '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणून जीटी ७३० अजून विकलं जातं. ते २०१४ चं कार्ड आहे, मेमरी कितीही असली तरी वेग येत नाही. जीटीएक्स १०५० टीआय जुन्या पीसीसाठी वर्षानुवर्षं लाडकं होतं, पण त्या पिढीसाठी एनव्हिडियाने नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, पुढे फक्त सुरक्षा अपडेट. एएमडीचं आरएक्स ६४०० ५३ वॅटचं, दिसायला आदर्श, पण ते फक्त चार लेन वापरतं. तुमच्या २.० च्या स्लॉटवर रस्ता सेकंदाला २ जीबीवर येतो, आणि व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअर त्यात नाहीच. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो तुमच्या बोर्डाच्या काळातल्या बोर्डांवर कंपनीने दिलेलाच नाही. सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्याच पीसीवर जीपीयू-झेड चालवून बघा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात आणि हे सॉफ्टवेअर अशी बरीच बनावट कार्डं 'फेक' म्हणून दाखवतं. अर्धा तास भाराखाली चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

वाशी-ऐरोलीकडे ऑफिसांतून निघालेले, बारीक कॅबिनेटचे डेल-एचपीचे पीसी अनेकांच्या घरी असतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. त्यात निम्म्या उंचीचं, लो प्रोफाइल कार्डच बसतं आणि खोक्यात छोटी पट्टी आहे का ते बघावं लागतं. काही मॉडेलांत एसएमपीएसचं बोर्डाला जाणारं कनेक्टर कंपनीचं स्वतःचं असतं, बाजारातला एसएमपीएस लागत नाही. काही बोर्डांवर स्लॉटची मर्यादा ७५ वॅटपेक्षा कमी ठेवलेली असते, ती मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

खरेदीला जाताना लोकलमध्ये कॅबिनेट घेऊन मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही. बाजूचं झाकण काढून चार फोटो घ्या: एसएमपीएसचं लेबल, बोर्डावर छापलेलं मॉडेल, स्लॉटच्या आसपासचा भाग आणि मॉनिटरची मागची बाजू. टेपने मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यातून १५-२० मिलिमीटर वायरसाठी वजा करा. लांब कार्ड छोट्या बोर्डावरच्या साटा पोर्टांवर आडवं येतं, दोन स्लॉट जाडीचं कार्ड खालच्या छोट्या स्लॉटला झाकतं. तिथे वायफाय कार्ड असेल तर ते निघेल. ठाण्यात गोखले रोडच्या बाजूला आधी भाव विचारा, मग मुंबईला जायचं का ते ठरवा. थोड्या फरकासाठी बदलून घ्यायची सोय गमवू नये. बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर हवा.

मॉनिटरचं विसरू नका. या नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आत चिप असलेला. नुसती पिना जोडणारी साधी केबल चालत नाही.

बसवताना आधी जुन्या अवस्थेतच, कार्ड लावण्यापूर्वी, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून बायोसचं (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) शेवटचं अपडेट करून घ्या. यूपीएसवर असतानाच करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. मग पीसी पूर्ण बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा. कार्डासमोरच्या मागच्या दोन पट्ट्या काढा. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या मागे-पुढे वाकवून तोडाव्या लागतात आणि कडा बोट कापतात, पकड वापरा. कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देत बसवा, स्लॉटच्या शेवटची खिटी 'टक' करून लागली पाहिजे. स्क्रू घट्ट करा, नाहीतर जड कार्ड खाली झुकतं. ४०६० असेल तर ८ पिन शेवटपर्यंत आत गेली का ते बघा. मॉनिटरची वायर आता कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. 'कार्ड डेड आहे' म्हणून परत आणलेल्या बऱ्याच कार्डांचा दोष एवढाच निघतो.

पडदा काळाच राहिला तर क्रमाने जा: वायर कुठे लावली, ८ पिन, कार्ड काढून पुन्हा बसवणं, बोर्डाची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून बायोस रीसेट करणं, बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआयई करणं. जुनं विंडोज लेगसी (यूईएफआयच्या आधीच्या) पद्धतीने टाकलेलं असेल तर बायोसमधलं सीएसएम, म्हणजे त्या जुन्या पद्धतीने पीसी सुरू करू देणारी सोय, बंद करू नका, विंडोज सुरू होणार नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टममध्ये जाऊन सायकल्स रेंडर डिव्हाइसेसखाली ऑप्टिक्स निवडायचं आणि सीनच्या रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस 'जीपीयू कम्प्यूट' करायचं. हे केलं नाही तर कार्ड बसूनही रेंडर प्रोसेसरवरच चालतं. मग अर्धा तास रेंडर लावून तापमान बघा. कार्ड ८५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. वर जात असेल तर कॅबिनेटच्या मागे १२० मिलिमीटरचा पंखा बसवा. मे महिन्यात कळव्यातल्या बंद खोलीत त्याची गरज लागतेच.

राहिला भावाचा प्रश्न. त्याला 'नाही' म्हणायची वेळच आणू नका. हेच पत्र त्याच्यासमोर ठेवा आणि मोजमापं, फोटो, टास्क मॅनेजरची नोंद आणि तीन दुकानांचे भाव ही सगळी जबाबदारी त्याच्याकडे द्या. एसएसडी आणि रॅम या महिन्यात घ्या, त्यावर महिनाभर काम होऊ द्या, मग एसएमपीएस आणि कार्ड एकत्र घ्या. वडिलांना एकाच कागदावर दोन रकाने काढून दाखवा: या पीसीत टाकलेलं काय पुढे नेता येतं आणि काय इथेच राहतं. पहिल्या रकान्यात एसएसडी, एसएमपीएस, कार्ड. दुसऱ्यात फक्त सेकंडहँड रॅम. आणि कार्डाचं बिल भावाच्या नावावर करा, वॉरंटीसाठी दुकानात त्यालाच जावं लागेल.